वहिनींनी तपासलेली कार्डं

कार्डाचा वरचा उजवा कोपरा झिजलेला होता. बाकीचे तीन टोकदार, आत्ताच कापल्यासारखे. हेमाने दुसरं कार्ड उचललं, मग तिसरं. सगळ्यांचा तोच कोपरा झिजलेला, आणि तितकाच. तिने एक कार्ड नाकाशी नेलं. दुबईच्या बंद घरात इतके उन्हाळे काढलेल्या पुठ्ठ्याला कुबट वास यायला हवा. याला किंचित चहाचा येत होता.

"हिचा कशावरच विश्वास नाही," सुजीत सोफ्यावरून म्हणाला. "लग्नात सात पावलं पुरी झाली का, असं हिने भटजींना विचारलं होतं."

दौलत मोठ्याने हसला आणि हेमावहिनींकडे बघून लगेच थांबला. इस्त्रीचा शर्ट घालून तो सोफ्याच्या अगदी कडेला बसला होता. जबल अलीच्या गोदामात सुजीत सुपरवायझर होता तेव्हा दौलत त्याच्या हाताखाली माल चढवायचा. सुजीतची नोकरी गेली, दौलतची राहिली. तरी रविवारची सुट्टी काढून तो अल मनखूलला त्यांच्या घरी येई आणि अजून 'साहेब' म्हणे.

"जुमेरातला जुना व्हिला पाडत होते," सुजीत सांगत होता. "तेल कंपनीतला अमेरिकन राहायचा तिथे. जिन्याखाली पत्र्याची पेटी, आणि पेटीत ही. बेसबॉलच्या खेळाडूंची कार्डं. तिकडच्या पोरांना च्युइंगगमबरोबर मिळायची. आज एकेक लाखात जातं, हबीबी."

मागच्या आठवड्यात फोनवर कुणाला तरी सांगताना हीच पेटी गच्चीवरच्या खोलीत सापडली होती.

"शारजात एकाला असंच गावलं," दौलत म्हणाला. "त्यानं गावाकडं बंगला बांधला."

"तुम्ही भेटलात त्याला?" हेमाने विचारलं.

"मी नाय. आमच्या लेबर कॅम्पातल्या भिवाच्या वळखीचा हाय."

"भिवा तरी भेटलाय त्याला?"

दौलतने विचार केला. "त्याच्या पण कुणीतरी वळखीचा असंल."

सुजीतची नोकरी गेल्यापासून हेमा असल्या गोष्टी ऐकत होती. कुणाला जुन्या कपाटात घड्याळ, कुणाला माळ्यावर नाणी. घबाड सापडलेला माणूस प्रत्येक वेळी एक घर पलीकडे राहायचा. घर, मुलीची, शुभ्राची शाळा, सगळं तिच्या पगारावर चाललं होतं आणि सुजीतचा व्हिसा तिच्या नोकरीवर होता. पुण्याला परत जाऊ म्हटलं, की तो म्हणायचा, एक मोठा माल लागू दे, मग जाऊ. तीही गप्प बसायची. निदान यात दुसऱ्या कुणाचं नुकसान नाही, असं तिने स्वतःला समजावलं होतं.

दौलतने खिशातून पाकीट काढून मांडीवर ठेवलं. "स्लॅबचे पैसे हायत, वैनी. आई म्हणते, आधी डोक्यावर छप्पर घाल. पण साहेब म्हणाले, हे घेतलंस तर दोन मजले चढतील." तो संकोचून हसला. "खरं सांगतो, मी भ्यायलो होतो. मग साहेब म्हणाले, तुम्ही लॅबमधी नेऊन तपासलीत. म्हटलं, वैनींनी बघितलंय ना? खलास. प्रश्नच मिटला."

हेमाने सुजीतकडे पाहिलं. तो चहा ढवळत होता. बिनसाखरेचा चहा.

"सांग की त्याला," तो म्हणाला. आवाज खाली आला होता. तो विनवत होता. कार्डं कसली आहेत हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं, हे तिला त्या आवाजावरून कळलं.

लॅबमध्ये ती पाणी तपासायची. तिची सही असल्याशिवाय तिथून एकही अहवाल बाहेर पडत नसे.

"दौलतभाऊ, ही खोटी आहेत," ती म्हणाली. "कोपरे कशाने तरी घासलेत. रंग चहाचा आहे. मी लॅबमध्ये काहीही नेलं नव्हतं. आज पहिल्यांदा हातात घेतली."

दौलतने साहेबांकडे पाहिलं. साहेब कपाकडे बघत होते. त्याने पाकीट परत खिशात ठेवलं आणि खिशाचं बटण लावलं.

"माझंच चुकलं, साहेब," तो म्हणाला. "आपल्याला यातलं काय कळतंय?"

पुढ्यातला चहा टाकून जाणं बरं दिसलं नसतं, म्हणून तो त्याने उभ्या उभ्या संपवला. कप आत नेऊन ठेवला. दाराशी वाकून बूट घातले आणि जिन्याने खाली गेला. लिफ्ट समोर उभी होती.

"गड्यासमोर माझं नाक कापलंस," सुजीत म्हणाला.

"आणखी किती जणांना माझं नाव सांगितलंस?"

"लोक आपल्या हौसेने घेतात, हेमा. मी कुणाच्या गळ्याला सुरी लावत नाही."

"किती जणांना?"

तो कार्डं गोळा करायला लागला. त्यांच्या कडा नीट जुळवल्या आणि ती डब्यात ठेवली. "परवा अल बर्शाला एक गिऱ्हाईक आहे. गुजराती. हा शेवटचा माल, शपथ. मग बघू, तू म्हणतेस तसं पुण्याचं. इन्शाल्ला, दिवाळीनंतर."

"नाही," हेमा म्हणाली. तिचा आवाज रोजच्यासारखाच होता. "मी उद्या राजीनामा देतेय. शुभ्राचं आणि माझं तिकीट काढते. तुझं काढू की नको, एवढंच सांग."