व्याकरणाची दुरुस्ती

मुलाचं पत्र चार ओळींचं होतं आणि सात वर्षं काकांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. 'बाबा, आम्ही दोघांनी लग्न केलं. कायद्यात बसत नाही, तरी केलं. आमच्यासारख्यांबद्दल मंत्री सभागृहात काय बोलले ते छापील वाचलं. खाली लघुलेखक म्हणून तुमचं नाव होतं. त्यांचं मत कळलं. तुमचं काय?'

कचेरीत सगळे त्यांना काका म्हणत, पण काकांचं काय, हे विधानभवनाच्या त्या इमारतीत अडतीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. सभागृहात कोण काय म्हणालं ते शब्द न् शब्द उतरवून घ्यायचं, एवढंच त्यांचं काम. निवृत्त झाल्यावरही अधिवेशन आलं की त्यांना बोलावणं यायचं, कारण तोंडातल्या तोंडात पुटपुटणारे सभासद फक्त त्यांनाच ऐकू यायचे. घरी मात्र रविवारी मुलाचा फोन आला की ते वर्तमानपत्र तोंडापुढे धरायचे आणि बायको फोनवर सांगायची, "तुझे बाबा कानाचे तिखट, तोंडाचे मुके."

आज सकाळी मंत्र्यांचा सचिव कालच्या भाषणाची कच्ची प्रत घेऊन टेबलाशी आला. सात वर्षांपूर्वी ज्या लग्नांना मंत्री 'घरं बुडवणारी थेरं' म्हणाले होते, त्याच लग्नांना मान्यता देणारं विधेयक त्यांनी काल मांडलं होतं. लिहून आणलेलं संपल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि कुणीच लिहून न दिलेलं एक वाक्य ते बोलले. "त्या वेळी मी चुकलो." आता प्रतीत त्यातलं 'मी चुकलो' हिरव्या शाईनं खोडलेलं होतं. वर लिहिलं होतं, 'चूक झाली'.

"व्याकरणाची दुरुस्ती आहे, काका," सचिव म्हणाला. "नियमात बसते."

"पहिल्या वाक्यात कर्ता आहे," काका म्हणाले. "दुसऱ्यात तो फरार झालाय."

सचिव हसला. मग खुर्ची ओढून, आवाज खाली आणून त्यानं समजूत घातली. साहेब भरात बोलून गेले. वारा वाहील तशी पाठ द्यावी लागते. निवडणूक तोंडावर आहे, उद्या विरोधक हेच वाक्य भिंतीभिंतीवर चिकटवतील. शिवाय ते कुठे मनापासून होतं? जे मनात नव्हतंच, ते छापून कुणाचं भलं होणार?

असल्या वेळी मान डोलावून मोकळं व्हायचं ही काकांची जन्माची खोड. या खेपेला मान हललीच नाही.

"मनातलं उतरवून घ्यायची विद्या मला येत नाही," ते म्हणाले. "तोंडातलं तेवढं येतं. ते असं होतं."

सचिव गेला आणि दहा मिनिटांत खुद्द मंत्र्यांनाच घेऊन आला. मंत्री बसले नाहीत. "खरंच मी असं म्हणालो?" त्यांनी विचारलं.

काकांनी वही उघडून वाचून दाखवलं. 'मी' या शब्दापाशी त्यांचं बोट थांबलं. "बोलणारा थांबला की मी इथे गोल काढतो, साहेब. गोल छापत नाहीत. सात वर्षांपूर्वीच्या भाषणात एकही नव्हता. काल 'मी' म्हणालात आणि चार गोल थांबलात."

"म्हणजे मी मनापासून बोललो, असं तुम्हाला वाटतं?"

पलीकडच्या टेबलावरची टायपिंगची टकटक बंद पडली.

"तो आवंढा होता की अभिनय, ते मला सांगता येणार नाही. पण ते वाक्य आता तुमच्या एकट्याचं राहिलेलं नाही. माझा मुलगा हे वाचणार आहे. मागचंही वाचलं होतं त्यानं."

"काय करतो मुलगा?"

"गणित शिकवतो," काका म्हणाले. "आणि त्याचा नवरा भूगोल."

शब्द बाहेर पडल्यावर काकांना स्वतःचंच नवल वाटलं. जीभ अडखळली नाही, एक गोलसुद्धा नाही. वहीवर वाकून वाकून कायमची पोक आलेली पाठ खुर्चीला टेकली होती.

मंत्र्यांनी प्रत उचलून हिरव्या शाईवरून बोट फिरवलं. बाहेर कॅमेरेवाले ताटकळत होते. "राहू दे," ते म्हणाले. मग त्यांनी कोट सारखा केला आणि चेहऱ्यावर हसू आणत दाराबाहेर पडले.

खोडलेल्या शब्दांखाली काकांनी टिंबं दिली. मूळचंच ठेवा, याची ती खूण. जेवणाच्या सुट्टीत मात्र ते डबा न उघडताच कोरा कागद घेऊन बसले. 'चि.' लिहिलं. इथेच ते सात वर्षं अडले होते. मग पुढे लिहिलं, 'उभयतांस'. भाचेपुतण्यांच्या लग्नांनंतर किती पत्रांवर त्यांनी हा शब्द लिहिला होता! बाकीचं भराभर उतरलं, जणू कुणीतरी सांगत होतं आणि ते लिहून घेत होते. 'माझं मत विचारलं होतंस. मी गप्प बसलो. मी चुकलो. दोघांचा एक फोटो पाठव. कचेरीतल्या टेबलावर ठेवायचा आहे.'

कोपऱ्यावरच्या पेटीत पत्र टाकलं आणि सवयीनं त्यांना एक दुरुस्ती सुचली. 'पाठव' नव्हे, 'पाठवा'. दोघं आहेत. त्यांनी फटीतून बोटं आत घालून पाहिली, पण पत्र केव्हाच तळाशी गेलं होतं.