अडलेल्यांचा फोन

अंगावर पहिला तांब्या घेतला आणि फोन वाजला. गजेंद्र ओल्या पायांनी धावत बाहेर आला.

"त्या फोनलेच आंघोळ घाल आधी," आई चुलीजवळून म्हणाली. "तुह्यापेक्षा त्याचीच धावपळ जास्त आहे."

फोन हिंगणीच्या कोकिळाचा होता. ती रडायच्या बेतात. "दादा, मराठी नावं भरली, तं साऱ्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येऊन राह्यली! काऊन असं?"

गजेंद्रने डेटाबेसमधली एक सेटिंग बदलायला सांगितली. हेच त्याने मुकेशला सांगितलं होतं, त्याआधी मोहिनीला. वर्धा जिल्ह्यातल्या प्रोग्रामिंग करणाऱ्या पोरापोरींचा मोबाईलवर एक ग्रुप होता. तिथे दिलेलं उत्तर संध्याकाळपर्यंत वाढदिवसांच्या फुलांखाली गाडलं जाई. मग ज्याचं अडे, तो देवळीला गजेंद्रला फोन लावी. तो कुरकुरायचा. पण फोन वाजला की आतून कुठेतरी दिवा लागल्यासारखं त्याला वाटायचं.

पवनारच्या प्रेरणाने खपून ग्रुपमधली सगळी उत्तरं गोळा केली आणि त्यांची वेबसाईट केली. तिकडे कोणी फिरकेना. एक दिवस ती बसने देवळीला आली आणि गजेंद्रच्या बियाण्यांच्या दुकानात, पोत्यावरच लॅपटॉप उघडून बसली.

"दादा, सारं आहे इथं, पण कोणाले सापडतच नाई. बंद करून टाकू का?"

गजेंद्रने पानं चाळली. एका पानाचं नाव होतं, 'डेटाबेसमधील वर्णसंचाची विसंगती'. त्याला हसू आलं आणि दुखणंही कळलं. अडलेलं माणूस असं शोधत नाही. ते कसं शोधतं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? साऱ्यांचं अडणं त्याच्याच तर कानात साठलं होतं.

तेवढ्यात फोन थरथरला. मुकेश. गजेंद्र त्या उजळलेल्या नावाकडे बघत राहिला. आपण हे प्रेरणाला सांगितलंच नाही, तर हा फोन असाच वाजत राहील.

"हे नाव खोड," तो म्हणाला. "कोकिळा जसं विचारते ना, तसंच लिही. 'नावांच्या जागी प्रश्नचिन्हं काऊन येऊन राह्यली?'"

"वेबसाईटवर असं लिहू?"

"असंच लिही. रडू तेवढं गाळजो."

मग दळता दळता एकेका मायबहिणीची आठवण निघावी, तसा एकेक प्रश्न निघत गेला. मुकेशचा मुकेशच्या तोऱ्यात, मोहिनीचा मोहिनीच्या अडखळण्यासकट. प्रेरणा हसत लिहीत गेली. ऊन दुकानाच्या पायरीवरून रस्त्यावर उतरलं, तरी दोघांना भान नव्हतं.

पुढच्या महिन्यात, इंटरनेटवर अर्धा प्रश्न टाईप केला की पहिलं त्याच वेबसाईटचं पान पुढे येऊ लागलं. पोरं सकाळी अडत आणि चहा निवायच्या आत सुटत. वेबसाईट माणसांनी गजबजली.

गजेंद्रचा फोन मात्र निजला. आता त्याची आंघोळ नीट होई.

"बिघडला का रे फोन?" आईने विचारलं.

"नाई. बरा झाला."

तो सुखातच होता. प्रेरणा रोजचे आकडे पाठवी, ते बघून त्याचं मन भरून येई. तरी लेक सासरी नांदायला गेल्यावर अंगण जसं उगाच रुंद वाटतं, तसं त्याला वाटे. मधूनच तो फोनला रेंज आहे ना, ते पाही.

एका दुपारी तो वाजला. कोकिळा! गजेंद्रने हातातलं माप खाली ठेवलं, गिऱ्हाईकाला खुणेनेच थांबवलं. आवाजातला आनंद त्याला लपवता आला नाही.

"बोल कोकिळा. काय अडलं?"

"काहीच नाई अडलं, दादा," ती म्हणाली. "म्हणून तं आज विचाराले फुरसत भेटली. जेवले का तुमी?"