पाणी ओतणारा हात

"मावशी, तुमीच वता पाणी," इनास म्हणाला आणि त्यानं हात पाठीमागं घेतले.

तानाबाई पेला धरून तशीच उभी राहिली. ती या दवाखान्यातली जुनी आया. समोर काचेच्या पेटीत इनासची लेक श्वासासाठी झगडत होती. सातव्या महिन्यातच जन्मलेली. डॉक्टरांनी आशा सोडली होती. एसटीडी बूथवरून चर्चला फोन लावला, तर फादर गडहिंग्लजला मिस्सेच्या प्रार्थनेला गेलेले, दुपारी येणार. बाप्तिस्म्याशिवाय लेकीला जाऊ देऊ नका, एवढंच मोनिकानं गुंगीतून नवऱ्याला बजावलं होतं.

"बाप तुमी. मी बौद्ध बाई. माझ्या हातचं चालतंय व्हय?"

"चालतंय की. अशी येळ आली तर कुणीबी द्यावा, असं शिकवलंय आमास्नी."

अकरा वर्षं चर्चची पायरी न चढलेल्या माणसाला नेमकं एवढं पाठ होतं. आपला हात पुढं का होत नाही, ते मात्र तो बोलला नाही. काल संध्याकाळी भांडणात याच हातांनी त्यानं मोनिकाला ढकललं होतं. मोरीत पाय घसरला, असं तिनं डॉक्टरांना सांगितलं. शेजारी उभं राहून ते ऐकताना तो मेल्याहून मेला झाला होता.

इनास एकेक शब्द सांगत गेला. तानाबाईनं पेटीचं झाकण उचललं आणि इवल्याशा डोक्यावर पाणी ओतत ते शब्द म्हटले. "तेरेजा, मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं बाप्तिस्मा देते." मग पदरानं पोरीचं कपाळ हलकेच टिपलं.

अर्ध्या तासानं पोर गेली.

दुपारी फादर आले. व्हरांड्याच्या टोकाला, बाकावर बसून इनासनं त्यांना सगळं सांगितलं. ढकललेलंही सांगितलं. लाजेनं मान वर होत नव्हती.

"पर बाप्तिस्मा खरा झाला न्हवं, फादर?"

"पुरता झाला. कृपा देवाची असते, इनास. पाणी ओतणारा कसा आहे, यावर ती अडत नाही."

"माझ्यासारखा असता तरीबी?"

"तरीही. तेवढाच खरा झाला असता."

इनास आपल्या तळहातांकडे बघत राहिला. लेक जिवंत होती तेवढ्या वेळात त्यानं तिला एकदाही हात लावला नव्हता.