मुलीलाच विचारा

"पोरीला सेमीफायनलला बाकावर बसवलं, आणि कारण विचारलं तर म्हणे, मुलीलाच विचारा! बरं झालं ते कोचचं ध्यान गेलं," गुडघे टेकून लेकीच्या पॅडचे पट्टे आवळता आवळता आई पुटपुटली. लेक हॉकी संघाची गोलकीपर होती.

संघ सेमीफायनल कसाबसा जिंकला, पण आईच्या डोक्यातून तो बाक काही जाईना. तीन दिवस घरोघर फिरून तिने पालकांच्या सह्या गोळा केल्या आणि ऐन फायनलच्या तोंडावर कोच बदलायला लावला. "स्पर्धा चालू असताना?" असं एकदोघी चाचरत म्हणाल्या, पण आईपुढे कोणाचं काय चालणार! नव्या कोचने आल्या आल्या आजच्या फायनलसाठी गोलमध्ये पुन्हा लेकीचंच नाव लावलं. या सगळ्या धावपळीत लेकीला विचारायला सवड कोणाला होती?

"चल, हेल्मेट घाल." लेकीने हात पुढे केला, तो हेल्मेटच्या वीतभर बाजूला पडला. दुसऱ्यांदाही हुकला.

"अगं, लक्ष कुठाय तुझं?"

संघातल्या मुली बुटांच्या नाड्यांत डोकं खुपसून बसल्या. बाहेर शिट्टी वाजली.

 

"आई, जुन्या सरांना मीच शपथ घातली होती, घरी सांगू नका म्हणून. सरावात डोक्याला चेंडू लागल्यापासून मला सगळं दोन-दोन दिसतंय."