महामुनीची दाढी

सलूनच्या खुर्चीत बसून म्हातारा बाकीच्या गिऱ्हाइकांच्या गप्पा ऐकत होता. टीव्हीवरच्या जादूच्या मालिकेचा आज शेवटचा भाग होता.

“गादी राजकन्येलाच मिळणार.”

“हट्! महामुनीच जिंकला पाहिजे. त्याच्याशिवाय मालिकेत आहे काय?”

म्हाताऱ्याचा ऊर भरून आला. स्वतःची दाढी वाढवून इतकी वर्षं महामुनी त्यानेच केला होता. आजारपणात त्याला काढलं, तरी लोक विसरले नव्हते. डोक्यावर जटा नसल्याने इथे कुणी ओळखलं नव्हतं, एवढंच. सांगावं म्हणून तो वळला.

“मध्ये महामुनीचा नट बदलला म्हणे.”

“हो? कळलंच नाही!”

“कळायचंय काय? दाढी चिकटवली की कुणीही महामुनी!”

सगळे खदखदून हसले.

सलूनवाल्याने कात्री उचलली. “काका, तुम्ही सांगा, शेवट कसा व्हावा?”

“दाढी साफ काढ,” म्हातारा म्हणाला.