दुर्बीणकाकांची देणगी

“नुसते चष्मे वाटून फोटो काढायचे असतील, तर मला यात धरू नका, काका,” पुतणी म्हणाली आणि तिने चहाचा कप त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला.

दुसऱ्याच क्षणी काकांचं कोपर लागून कप लवंडला.

“अगं, ठेवताना सांगायचं तरी!”

“शेजारीच तर ठेवला. दवंडी पिटायला हवी होती का? काकू म्हणायची तेच खरं, स्वारी कायम आपल्या तंद्रीत.”

काकूचं नाव निघालं तसे काका फडकं घेऊन टेबल पुसत बसले.

एके काळी नटबोल्टचा मोठा कारखाना होता काकांचा. बोल्टचा एखादा आटा वाकडा पडला, तर हातात न घेताच ओळखायचे. कामगारांनी त्यांचं नावच पाडलं होतं, दुर्बीण. साठी उलटली तरी नाकावर चष्मा नाही. “देवाची कृपा,” असं म्हणून ते वर पाहून हात जोडत.

दहा वर्षांपूर्वी कातरवेळी काकूला शेजारी बसवून ते गाडी चालवत घरी येत होते. बाजूच्या रस्त्यावरून ट्रक आला आणि सरळ गाडीवर आदळला. काकू जागीच गेली. ‘माझे दिवे चालू होते,’ असं ट्रकवाला शेवटपर्यंत सांगत राहिला. कोर्टात काकांनी देवाला स्मरून जबाब दिला, “दिवे असते, तर मला दिसले असते.” दुर्बिणीच्या नजरेवर शंका कोण घेणार? त्यात ट्रकवाल्याचे डोळे अधू निघाले. नोकरी जाईल या भीतीने त्याने ते लपवलं होतं. त्याला शिक्षा झाली आणि ती भोगताना तो आतच वारला.

काकांनी त्या दिवसापासून स्टिअरिंगला हात लावला नाही. पण त्यांच्या मनात राग फार टिकला नाही. त्या माणसाला वेळेवर कुणी तपासलं असतं, तर दोन घरं वाचली असती, एवढंच त्यांच्या मनाने धरलं.

मग ते देत सुटले. कुठे ब्लँकेटं, कुठे पाण्याची टाकी, एक रुग्णवाहिकासुद्धा. पुतणी अशाच कामांचं नियोजन करणाऱ्या संस्थेत होती. एकदा ती न राहवून म्हणाली, “काका, रुग्णवाहिका अपघात झाल्यावर येते. आपल्याला अपघाताच्या आधी कुठे उभं राहता येईल, ते बघू या ना.”

झालं! काकांना एवढंच हवं होतं. दोघं महिनोन्महिने ट्रकतळावर जाऊन बसले. चहा पीत, ड्रायव्हरांच्या गप्पा ऐकत. डोळ्यांची शिबिरं तिथे आधीही झाली होती, पण ड्रायव्हर फिरकलेच नव्हते.

“साहेब, डोळा तपासला की पोट गेलं,” एकाने सरळच सांगितलं. “मालकाला कळलं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवतो.”

म्हणून पुतणीने वेगळंच मांडलं. एका दिवसाचं शिबिर नको, कायमचं केंद्र. कुणाचं नाव विचारायचं नाही. ज्याची नजर सुधारण्यासारखी नसेल, त्याला गोदामात तेवढ्याच पगाराचं काम मिळवून द्यायचं. आणि दर वर्षी बघायचं, या रस्त्यावरचे अपघात खरंच कमी झाले का.

काकांना सगळं पटलं. एकाच गोष्टीवर ते अडले.

“हे कडेची नजर तपासायचं यंत्र कशाला? तेवढ्या पैशांत ढीगभर चष्मे येतील.”

“ट्रक काय फक्त समोरूनच येतात, काका?”

काकांनी चेकबुक पुढे ओढलं. मग म्हणाले, “घे.”

केंद्र उघडलं त्या सकाळी ड्रायव्हरांचा घोळका दारात उभा होता, पण आत कुणी पाऊल टाकेना.

“तू जा आधी.”

“मी कशाला? तुझं लग्न ठरतंय, तू जा. पोरगी नीट दिसली पाहिजे.”

हशा पिकला, पण खुर्ची रिकामीच. काकांनी ते पाहिलं आणि कोट काढून ठेवला. “सरका. पहिला मी.”

समोरच्या तक्त्यावरची शेवटची ओळ त्यांनी धडाधड वाचली. वर कोपऱ्यातलं छापखान्याचं बारीक नावही वाचून दाखवलं. “वा, काका!” दारातून टाळ्या पडल्या. पुतणी हसली.

मग ते कडेची नजर तपासायच्या घुमटासारख्या यंत्रासमोर बसले. डोळे तपासणारी बाई म्हणाली, “हनुवटी इथे टेका. नजर मधल्या ठिपक्यावर. कुठेही दिवा लुकलुकला की बटण दाबायचं.”

सुरुवातीला बटण वाजलं. मग बराच वेळ शांतता. काकांनी मान वर केली.

“बाई, तुमचं यंत्र नवंकोरं, पण नादुरुस्त. मधले दिवे लागतात, कडेचे बंद आहेत.”

बाईने दारातल्या एका ड्रायव्हरला बोलावून बसवलं. टिक, टिक, टिक. बटण थांबेना. तिने काकांना पुन्हा बसवलं. पुन्हा तीच शांतता.

“काचबिंदू आहे,” बाई हलक्या आवाजात म्हणाली. “मधली नजर लख्ख, कडेची सगळी गेलीय. दुखत नाही, खुपत नाही, त्यामुळे माणसाला पत्ताच लागत नाही.”

“कधीपासून असेल?” पुतणीने विचारलं.

“इतकं जायला पंधरा-वीस वर्षं लागतात.”

पुतणीने मनातल्या मनात दहा वर्षं मागे मोजली. काकांनी हनुवटी उचललीच नाही. त्या अंधाऱ्या घुमटात डोळे फाडून पाहत ते म्हणाले, “नाही हो. दिवे बंद होते.”

बाईने मायेने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“चालू होते, काका.”