तिथीवार लावलेली वही

"रविवारी ग्रुप साफ करणार," केदारने लिहिलं. "जुन्या पोस्टी सगळ्या जाणार. काही कामाच्या नाहीत."

वैभवीने जेवणाचा डबा तसाच उघडा ठेवला आणि टाइप केलं, "हात लावून तर बघा."

बोईसरच्या एका कारखान्यात ती स्टोअर सांभाळायची. कुठला नट कुठल्या खणात, डोळे मिटून सांगायची. 'गळ आणि गप्पा' या फेसबुक ग्रुपवर चारशे जण होते, बहुतेक तिच्यासारखे बाहेरगावाहून नोकरीला आलेले. सुट्टीला चिंचणीपासून मुरब्यापर्यंत खडकांवर नाहीतर खाडीच्या तोंडाशी हौसेने गळ टाकून बसायचे. त्यांच्या फोटोंत आणि थट्टामस्करीत मुरब्याच्या शांतारामकाकांच्या पोस्टी बुडून जायच्या. गाठ कशी मारावी, कोळंबी गळाला कशी टोचावी, कोणत्या तिथीला कुठे बसावं. वैभवीने दोन वर्षं खपून त्या एकेक वर काढल्या, वहीत उतरवल्या आणि तिथीवार लावल्या. समुद्र काही तारीख बघून चढत नाही, असं ती म्हणायची.

संध्याकाळी ग्रुप चालवणाऱ्या केदारचा फोन आला.

"मॅडम, तुम्ही कधी मासा धरलाय का हो?"

"नाही."

"मी धरतो. म्हणजे, धरायला जातो. म्हाताऱ्याचं ऐकून गेल्या पावसाळ्यात चार अष्टम्या खाडीवर काढल्या. काय मिळालं? डास!"

"तुम्हाला घड्याळ कळतं, पाणी कळत नाही. जन्म दर्यात गेलेल्या माणसाला तुम्ही साताऱ्याहून येऊन शिकवणार?"

"तुम्ही तरी कुठल्या?"

"साताऱ्याचीच. म्हणून तर गप्प बसून शिकते."

केदारला हसू आलं. "बरं, काकांकडून वही तपासून आणा. बरोबर आहे म्हणाले तर ग्रुपवर सगळ्यात वर लावतो, कोणी पुसणार नाही. नाहीतर रविवारी झाडू."

"आणते. आणि तुमच्याच हाताने वर लावायला लावते."

शुक्रवारी कारखान्याला सुट्टी. पालघरहून एसटी धरून ती मुरब्याला गेली. ज्येष्ठ संपत आला होता. वाळूवर ओढलेल्या होडीच्या आडोशाला शांतारामकाका जाळं सांधत बसले होते.

"बोईसरची वहीवाली ना तू? ये, बस."

ओल्या हाताने पान खराब व्हायला नको म्हणून त्यांनी बोटं सदऱ्याला पुसली. मग सावकाश, ओठ हलवत, एकेक पान वाचलं. शेवटच्या पानावर बराच वेळ थांबले.

"माज्या घरात माजं कोनी एवढं आयकलं नाय," ते म्हणाले.

"मग सगळं बरोबर ना, काका?"

काकांनी चष्मा काढला. "गाठी खऱ्या. कोळंबी खरी. पावसाळ्यातल्या तिथ्या खोट्या."

"चुकून?"

"चुकून कशाला? ठरवून. आता दोन महिने आमी होड्या वर काढतो, सुकटीवर दिवस ढकलतो. का? मासळी गाबोळीनं भरलेली असते, खाडीत अंडी टाकाया येते. आन् तुमचे हौशी लोक नेमके तवाच गळ घेऊन हजर! हात जोडून सांगितलं, तर हसले मला. मंग मीच त्यांना वाट दाखवली. मासळी येते उधाणाला, पुनवेला नायतर आवसेला. मी त्यांना धाडतो अष्टमीला, पानी मेलेलं असतं तवा."

वैभवी वहीकडे बघत राहिली. दोन वर्षांचे शुक्रवार त्यात होते, किती सणांच्या दुपारी होत्या.

फोन वाजला. केदारचा निरोप होता: "काय म्हणाले काका? झाडू काढू ना?"

"पुसू दे त्याला," काका जाळ्यात डोकं घालत म्हणाले. "तुज्या मेहनतीचं तेवढं वाईट वाटतं."

वैभवीने खाडीकडे पाहिलं. गढूळ पाणी हळूहळू आत सरकत होतं.

तिने ताठ बसून टाइप केलं, "पान न् पान तपासून दिलंय. एकही तिथी चुकलेली नाही. लावा वर."